चार डिस्कच्या रेड 5 मध्ये पाचवी डिस्क घालताना

अ‍ॅरे (डेटा वाटून ठेवणाऱ्या अनेक डिस्कचा संच, जो रेड 5 असेल तर एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो) वाढवायची आज्ञा द्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर दीड-दोन दिवस मात्र जुन्या चारही डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो आणि नव्या मांडणीत पुन्हा लिहिला जातो. यालाच रीशेप म्हणतात. तीन-चार वर्षं ज्यांना कोणी हात लावला नव्हता असे सेक्टरही त्यात येतात. अ‍ॅरे वाढवताना डेटा जातो तो बहुतेकदा इथे. म्हणून या लेखात प्रत्यक्ष वाढवण्यापेक्षा आधीच्या तयारीवर जास्त शब्द खर्च झालेत.

उदाहरणासाठी एक ठरावीक सेटअप घेऊ. लिनक्सवरचा छोटा फाइल सर्व्हर, 4 टीबीच्या चार डिस्क, सॉफ्टवेअर रेड 5, त्यावर एक्स्ट4 ही फाइलसिस्टीम. अ‍ॅरेचं नाव एमडी0, डिस्क एसडीए ते एसडीडी, नवी येणारी एसडीई. ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर आहे. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपच्या पेटीतही आतून हेच एमडी, म्हणजे लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, चालतं, त्यामुळे बटणं वेगळी असली तरी धोके तेच.

हिशेब आधी करून घ्या

रेड 5 मध्ये एका डिस्कची जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेला डेटा परत काढण्यासाठीच्या जादा माहितीत जाते. चार डिस्कवर 12 टीबी वापरायला मिळतात, पाचवर 16. डिस्कच्या खोक्यावरचा टीबी दशमान पद्धतीचा आणि सिस्टीम दाखवते तो 1024 च्या पटीतला, म्हणून 12 चे 10.9 आणि 16 चे साधारण 14.5 दिसतील. काम झाल्यावर ‘दीड टीबी कुठे गेलं’ असा फोन येतो, तो याच फरकापायी.

पाच डिस्क झाल्यावर रेड 5 ठेवावं का, हाही विचार आत्ताच करा. एक डिस्क गेली की उरलेल्या चारही शेवटपर्यंत वाचता आल्या तरच डेटा परत उभा राहतो. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात 10 चा 14 वा घात इतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर असं लिहिलेलं असतं, म्हणजे साडेबारा टीबी वाचनामागे एक. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, पण 16 टीबी वाचताना या आकड्याकडे काणाडोळा करू नये. आमचं मत स्पष्ट आहे: जागेची फार निकड नसेल तर पाचवी डिस्क रेड 6 करण्यात घाला, आणि जागाही हवी असेल तर एकाऐवजी दोन डिस्क आणा. रेड 6 बद्दल पुढे लिहिलं आहे.

नवी डिस्क निवडताना

पहिला प्रश्न आकाराचा नाही, लिहिण्याच्या पद्धतीचा. डिस्क सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली हवी. एसएमआर प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. फोटो साठवण्यापुरती ती चालते, पण रीशेपमध्ये तासन्‌तास सलग लिहावं लागलं की तिचा वेग कोसळतो. कधी ती इतका वेळ गप्प बसते की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिला मेलेली समजून अ‍ॅरेबाहेर काढतो. 2020 मध्ये डब्ल्यूडीच्या 2 ते 6 टीबीच्या ‘रेड’ (लाल) या नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तोवर खोक्यावर तसा उल्लेख नव्हता. नंतर कंपनीने सीएमआर डिस्कना रेड प्लस हे नाव दिलं. नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या यादीत पाहा.

दुसरी गोष्ट: डिस्क खरंच नवी आहे का. लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन मागवा, दुकानाबाहेर पडायच्या आत किंवा खोकं उघडल्या दिवशीच सीरियल नंबर टाकून वॉरंटी पाहा. मग स्मार्ट माहितीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींत, 9 क्रमांकाची नोंद पाहा, चालू तास दोन आकड्यांच्या वर नकोत. या नोंदीतही फेरफार करता येतो. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या निघाल्या. स्मार्टमधले तास शून्य केलेले होते, पण डिस्कच्या फार्म नावाच्या आतल्या नोंदीत खरे आकडे राहिले होते. स्मार्ट माहिती वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत ‘एल फार्म’ देऊन सीगेटवर ही नोंद वाचता येते.

आकार जुन्याएवढा किंवा जास्त हवा. 4 टीबीच्या डिस्क बहुतेक कंपन्यांच्या आता अगदी 7,81,40,37,168 सेक्टरच्या असतात, त्यामुळे ‘दोन सेक्टर कमी पडले’ ही जुनी डोकेदुखी क्वचित होते. 6 टीबीची घेतली तरी या अ‍ॅरेत तिचे 4 टीबीच वापरले जातील.

घाई न करता नव्या डिस्कची परीक्षा घ्या. आधी स्मार्टची लाँग चाचणी, 4 टीबीला साधारण आठ तास. मग बॅडब्लॉक्सने लिहून-वाचून तपासणी. चार नमुने लिहिणं आणि चार वेळा वाचणं मिळून 4 टीबीला अडीच दिवसांच्या आसपास जातात. ब्लॉक साइझ 4096 द्या, नाहीतर मोठ्या डिस्कवर ती आज्ञा आकडा मावत नाही म्हणून सुरूच होत नाही. आणि लिहून तपासणारा पर्याय डिस्कवरचं सगळं पुसतो, तेव्हा एंटर दाबण्याआधी डिस्कचं नाव तीनदा वाचा. अडीच दिवस फुकट गेले असं वाटेल, पण डिस्क सुरुवातीच्या दिवसांतच मरायची असेल तर अ‍ॅरेबाहेर मेलेली बरी.

जुन्या डिस्कची झाडाझडती

प्रत्येक जुन्या डिस्कची स्मार्ट माहिती काढा आणि चार ओळी पाहा: 5 म्हणजे बदललेले सेक्टर, 197 म्हणजे संशयित सेक्टर, 198 म्हणजे न वाचता आलेले आणि 199 म्हणजे केबलमधल्या चुका. 197 मध्ये शून्याखेरीज काहीही असेल तर अ‍ॅरे वाढवायचा विषय बंद, आधी ती डिस्क बदला. 199 वाढलेला असेल तर डिस्क बिचारी बहुधा ठीक असते, साटा केबल बदलायची. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि नंतर वाढतो का ते बघा.

यानंतरची पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात. एमडी0 च्या सिंक अ‍ॅक्शन फाइलमध्ये ‘चेक’ लिहून संपूर्ण अ‍ॅरेची तपासणी चालवा. यात प्रत्येक सेक्टर वाचला जातो. एखादा वाचता आला नाही तर एमडी पॅरिटीवरून तो डेटा काढतो आणि त्याच जागी परत लिहितो, त्यामुळे डिस्कला तो सेक्टर राखीव जागेत हलवता येतो. डेबियन आणि उबुंटूवर ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागलेली असते, पण सर्व्हर रात्री बंद ठेवणाऱ्यांकडे ती कधीच पूर्ण होत नाही. तपासणी झाल्यावर मिसमॅच काउंट, म्हणजे डेटा आणि पॅरिटी न जुळणाऱ्या जागांचा आकडा, शून्य हवा.

डिस्कची सहनशक्तीही बघून घ्या. नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणपेटीसाठी) बनलेली डिस्क खराब सेक्टरवर साधारण सात सेकंद झटापट करून हार मानते आणि चूक कळवते. डेस्कटॉप डिस्क दोन-दोन मिनिटं झगडत बसते. लिनक्स कर्नल मात्र 30 सेकंदच थांबतो, मग पोर्ट रीसेट करतो आणि धडधाकट डिस्क बाद ठरते. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटीईआरसी 70,70 द्या, म्हणजे सात सेकंद. डिस्कने नकार दिला तर त्या डिस्कचा कर्नलमधला टाइमआउट 180 करा. या सेटिंग बहुतेकदा रीबूटनंतर उडतात, म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच टाकून ठेवा.

आणि बॅकअप. रेड हा बॅकअप नव्हे हे सगळ्यांना पाठ असतं, तरी रीशेपच्या आदल्या दिवशीचा बॅकअप फार थोड्या जणांकडे सापडतो. बॅकअप घ्या आणि त्यातल्या पाच-सहा फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.

वीज, वायर, उकाडा

साडेतीन इंची डिस्क सुरू होताना 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर ओढते. पाच डिस्क एकदम सुरू झाल्या तर 10 अँपिअर, म्हणजे 120 वॅट, प्रोसेसर आणि बाकीचं वेगळं. 250 वॅटचा स्वस्त एसएमपीएस असेल तर पाचवी डिस्क घातल्यावर सर्व्हर कधी उठतो, कधी नाही. दोष डिस्कला लागतो, असतो एसएमपीएसचा.

पॉवरची केबल कमी पडली की मोलेक्सवरून साटा करणारं अडॅप्टर लावलं जातं. त्यातली प्लॅस्टिक ओतून बनवलेली टोकं टाळा. आतल्या वायर जवळ येऊन शॉर्ट होतात आणि टोक जळतं. वायर दाबून बसवलेलं, मागून उघडता येणारं टोक घ्या. नवी डिस्क फिरतच नसेल तर आणखी एक शक्यता तपासा: सर्व्हरच्या काही डिस्कना पॉवरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की त्या बंद राहतात. मोलेक्समध्ये 3.3 व्होल्ट नसतात, म्हणून चांगलं अडॅप्टर तिथे कामाला येतं.

यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी खरंच टिकते का हे आधी पाहायला हवं. रीशेप मधेच थांबला तर पुढे चालू होतो, पण ती परीक्षा मुद्दाम कशाला द्या? महावितरणचा दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवायचा तुमच्या भागातला वार कोणता ते बघून दिवस ठरवा. मे महिन्यात बंद खोलीत पाच डिस्क दीड दिवस सलग चालल्या तर 50 अंशांवर जातात, 45 च्या आत ठेवायचं बघा. पेटीचं झाकण काढून टेबलफॅन लावण्यात कमीपणा नाही.

डिस्क जोडणं

सर्व्हर बंद करून डिस्क जोडा. सुरू झाल्यावर एसडीए, एसडीबी ही नावं बदललेली असू शकतात. काल एसडीई असलेली आज एसडीबी होते. म्हणून डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेला सीरियल नंबरचा रकाना मागा आणि स्टिकरशी ताडून पाहा. याच वेळी प्रत्येक डिस्कच्या दिसणाऱ्या कडेला सीरियलचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहून ठेवा. डिस्क खराब होईल त्या रात्री चांगली डिस्क उपटण्याची चूक त्याने टळते.

जुन्या डिस्कवर पार्टिशन असेल तर नव्यावरही तसंच हवं. एसजीडिस्कच्या ‘मोठा आर’ पर्यायाने तक्ता उतरवता येतो, पण त्यात दिशा उलटी वाटते: ‘आर’ नंतर येते ती नवी डिस्क आणि शेवटी येते ती जुनी. उलट झालं तर जुन्या डिस्कचा तक्ता पुसला जातो. त्यानंतर ‘मोठा जी’ देऊन ओळख क्रमांक बदला, कारण दोन डिस्कची एकच ओळख असली की पुढे घोळ होतात.

आता एमडीअ‍ॅडमला ‘अ‍ॅड’ सांगून नवं पार्टिशन एमडी0 मध्ये घाला. ती स्पेअर, म्हणजे राखीव डिस्क म्हणून दिसेल, जागा अजून वाढलेली नाही. इथे थांबून एमडीस्टॅट ही स्थिती दाखवणारी फाइल पाहा: जुन्या चारही डिस्कपुढे चार यू (यू म्हणजे चालू डिस्क) दिसायला हवेत. एका जागी अंडरस्कोर असेल तर अ‍ॅरे आधीच लंगडा होता आणि तुमची नवी डिस्क गेलेल्या डिस्कच्या जागी भरली जायला लागली आहे. ते पूर्ण होऊ द्या, वाढवण्यासाठी आणखी एक डिस्क लागेल.

रीशेप

जुन्या कर्नलवर आतला बिटमॅप (कुठलं लेखन अर्धवट आहे याची नोंद) असताना आकार बदलायला नकार मिळतो. तसं झालं तर एमडीअ‍ॅडमच्या ‘ग्रो’मध्ये ‘बिटमॅप नन’ द्या आणि काम संपल्यावर ‘बिटमॅप इंटर्नल’ने परत लावा. मग मुख्य आज्ञा: ‘ग्रो’, ‘रेड-डिव्हायसेस 5’, आणि ‘बॅकअप-फाइल’मध्ये एसएसडीवरच्या फाइलचा पूर्ण पत्ता. ही फाइल वाढवत असलेल्या अ‍ॅरेवरच ठेवणं म्हणजे कुलपाची किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करणं. नव्या आवृत्त्यांना डिस्क वाढवताना बऱ्याचदा या फाइलची गरज पडत नाही, पण देऊन ठेवण्यात तोटा नाही.

एमडीस्टॅटमध्ये आता रीशेप, टक्के आणि उरलेला वेळ दिसू लागेल. वेग डिस्कमागे सेकंदाला 40 एमबी धरला तर 4 टीबीला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ 28 तास. वेग त्यापेक्षा फारच कमी वाटला तर स्ट्राइप कॅश साइझ, म्हणजे या कामासाठी मेमरीत राखलेल्या जागेचा आकडा पाहा. मुळात तो 256 असतो, 4096 करा. पाच डिस्कवर त्याला 80 एमबी मेमरी लागते आणि फरक लगेच कळतो. किमान वेगाची मर्यादाही सेकंदाला 1000 केबी इतकी कमी असते, लोक काम करत असताना रीशेप तिथवर घसरतो. रात्री ती 50000 करा, सकाळी खाली आणा.

या काळात फाइली वापरता येतात, फक्त संथपणे. एक डिस्क गेली तरी रीशेप पुढे चालतो. दोन गेल्या तर मात्र बॅकअपशिवाय गत्यंतर नाही.

टक्के शून्यावरच अडकले आणि वेग 0 दाखवतोय, हा प्रकार नेहमीचा. सहसा मागे चालणाऱ्या प्रक्रियेला बॅकअप फाइल लिहिता आलेली नसते: फोल्डरची परवानगी, एसईलिनक्स किंवा सिस्टमडीची सेवा अडवते. ‘ग्रो’ला ‘कंटिन्यू’ आणि तीच बॅकअप फाइल देऊन पुन्हा चालवा. वीज गेली आणि सर्व्हर उठल्यावर अ‍ॅरे जुळत नसेल तर ‘असेंबल’ला तीच फाइल द्या. काहीही झालं तरी घाबरून ‘क्रिएट’ चालवू नका. कुठल्या तरी जुन्या लेखात तो उपाय सापडतोच. ‘क्रिएट’ डिस्कवरची जुनी नोंद पुसून नवी लिहितो, आणि आजच्या आवृत्तीत डेटा सुरू होण्याची जागा तुमच्या अ‍ॅरेपेक्षा वेगळी असू शकते. अर्धवट रीशेप झालेल्या अ‍ॅरेवर ते केलं तर पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

जागा वर पोचवणं

रीशेप संपेपर्यंत अ‍ॅरेचा आकार जुनाच दिसतो. संपल्यावरही ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवतो, कारण वाढलाय तो अ‍ॅरे, फाइलसिस्टीम नाही. मधे एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) असेल तर आधी पीव्हीरिसाइझ, मग एलव्हीएक्स्टेंड. त्याला ‘छोटा आर’ दिला की फाइलसिस्टीमही तीच वाढवते. एलव्हीएम नसेल तर एक्स्ट4 साठी रिसाइझ2एफएसला अ‍ॅरेचं नाव द्या, चालू असतानाच वाढते. एक्सएफएसला एक्सएफएस-ग्रोएफएस, त्यात मात्र माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. एक्सएफएस वाढवली की परत लहान करायचं विसरा.

जुन्या एक्स्ट4 ची एक भिंत लक्षात ठेवा. 64 बिट वैशिष्ट्य नसलेली एक्स्ट4, 4 केबीच्या ब्लॉकवर, 1024 च्या हिशेबातल्या 16 टीबीपुढे जात नाही. आज पाच डिस्कवर 14.5 आहेत, चालून जाईल. सहावी घातलीत की 18.2 होतील आणि रिसाइझ2एफएस नाही म्हणेल. ट्यून2एफएसच्या ‘छोटा एल’ने वैशिष्ट्यांची यादी पाहा. त्यात 64 बिट नसेल तर फाइलसिस्टीम अनमाउंट करून, ई2एफएससीके चालवून, रिसाइझ2एफएसच्या ‘छोटा बी’ने ते चालू करता येतं. ई2एफएसप्रॉग्ज 1.43 किंवा त्यापुढची हवी. हे आज, सगळं शांत असताना उरका.

बारीक काम एक उरतं. चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) 512 केबीचा असेल तर चार डिस्कच्या काळात एक्स्ट4 ची स्ट्राइप-विड्थ 384 होती, आता डेटाच्या चार डिस्क झाल्याने 512 हवी. ट्यून2एफएसने बदलते. न केल्याने काही बिघडत नाही, केल्यास मोठ्या फाइली लिहिताना थोडा वेग मिळतो इतकंच.

रेड 6 किंवा मोठ्या डिस्क

पाचवी डिस्क रेड 6 साठी घालायची असेल तर ‘ग्रो’मध्ये ‘लेव्हल 6’ही द्यायचं. जागा 12 टीबीच राहते, दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो. इथे डेटा जागच्या जागी पुन्हा लिहिला जात असल्याने बॅकअप फाइल शेवटपर्यंत वापरात राहते, काम जास्त संथ चालतं आणि ती फाइल ज्या एसएसडीवर आहे तिच्यावर बरंच लेखन होतं. पेनड्राइव्हवर ती ठेवू नका.

पेटीत पाचवी जागाच नसेल तर एकेक डिस्क काढून मोठी घालतात. काढून घालण्यात प्रत्येक वेळी अ‍ॅरे लंगडा होतो, तेही चार वेळा. तात्पुरता एक साटा पोर्ट मोकळा असेल तर ‘रिप्लेस’ आणि ‘विथ’ वापरा. त्यात जुनी डिस्क जागेवर असतानाच नव्या डिस्कवर प्रत उतरते आणि मगच जुनी बाजूला होते. चारही बदलल्यावर ‘ग्रो’ला ‘साइझ मॅक्स’ द्या. शेवटची डिस्क बदलेपर्यंत एक जीबीही वाढत नाही, हे पैसे देणाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.

झेडएफएस (रेडझेड नावाची स्वतःची रेड असलेली फाइलसिस्टीम) वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना. रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवायची सोय ओपन झेडएफएस 2.3 मध्ये, म्हणजे जानेवारी 2025 मध्ये आली. त्यासाठी झेडपूल ‘अटॅच’ वापरतात, ‘अ‍ॅड’ नाही. ‘अ‍ॅड’ डिस्कला पॅरिटीशिवाय वेगळी जोडतो. झेडपूल आधी हरकत घेतो, पण जबरदस्तीचा ‘छोटा एफ’ दिला की ऐकतो, आणि ती एक डिस्क गेली की सगळा पूल जातो.

आवराआवर

एमडीअ‍ॅडमच्या ‘डिटेल स्कॅन’चं उत्तर एमडीअ‍ॅडम कॉन्फ फाइलमधल्या जुन्या ओळीशी ताडून पाहा. तिथे ‘नम-डिव्हायसेस 4’ राहिलं असेल तर दुरुस्त करा. मग सिस्टीम सुरू होताना लागणारी फाइल नव्याने बनवा: डेबियन किंवा उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस, रेड हॅट घराण्यात ड्राकट. हे विसरलं तर सगळं आठवडाभर छान चालतं आणि पुढच्या रीबूटला अ‍ॅरे एमडी127 या नावाने उगवतो.

बिटमॅप परत लावा, वेगाची मर्यादा पूर्ववत करा, बॅकअप फाइल उरली असेल तर पुसा. मेलचा पत्ता भरलेला आहे का पाहा आणि मॉनिटरला ‘वनशॉट टेस्ट’ देऊन चाचणीचा मेल खरंच येतो का तपासा. मग एकदा रीबूट, पाच यू मोजा, आणि त्या रात्री पुन्हा एक ‘चेक’ लावून द्या.